थडग्यावरचे शब्द

मेलेल्या माणसाविषयीं वाईट बोलूं नये, हा संकेत जगांतील बहुतेक समाजांनीं पाळलेला आहे. जो आतां उत्तर देऊं शकत नाहीं त्याच्यावर आरोप करणें हा भ्याडपणा आहे, हें त्या संकेतामागचें एक कारण. आणि मृत्यूनें हिशेबाची वही मिटली, आतां देणेंघेणें संपलें, ही भावना हें दुसरें. संकेत योग्य आहे यांत शंका नाहीं. परंतु वाईट बोलूं नये एवढ्यावर माणसें थांबत नाहींत. चांगलें बोललेंच पाहिजे, आणि तें जितकें अधिक तितकें बरें, असा त्याचा अर्थ करून घेतला जातो. बोललेलें वाऱ्यावर जातें, छापलेलें रद्दींत जातें. दगडावर कोरलेलें मात्र राहतें. म्हणून मृताविषयीं कोणतें सत्य सांगावें आणि किती सांगावें, हा प्रश्न शिळेपुढें उभें राहिलें म्हणजे खरा कठीण होतो.

गेल्या वर्षीं तो माझ्यापुढें अगदीं घरगुती रूपानें आला. माझे एक जुने स्नेही, जन्मभर शिक्षकी केलेले, वारले. त्यांच्या गांवच्या वाचनालयाच्या ओट्याला त्यांच्या स्मरणार्थ एक शिळा बसवावी असें मुलांनीं ठरविलें, आणि तिच्यावरचा मजकूर लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. भाषा शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं त्याला चार ओळी जड जाऊं नयेत. मीं त्या बसल्या बैठकीस लिहिल्या. ‘विद्याव्यासंगी, निःस्पृह, अजातशत्रु’ अशी त्यांची सुरुवात होती. वहिनींनीं कागद वाचला, थोडा वेळ हातांत तसाच धरला आणि म्हणाल्या, “भाऊजी, बाकीचं राहूं द्या. पण अजातशत्रु नको. आमचे दीर रोज तिथूनच जातात.”

स्नेही आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचें घराच्या वांटणीवरून बोलणें बंद होऊन अठरा वर्षें झालीं होतीं. हें मला ठाऊक होतें. ठाऊक असून मीं तो शब्द लिहिला होता. कारण शोकाच्या प्रसंगीं तो आपोआप हाताशीं येतो, त्याचा अर्थ कोणी पाहत नाहीं, असें मी धरून चाललों होतों. अर्थ पाहणारा एक माणूस रोज त्या ओट्यावरून जाणार होता, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

आपल्याकडे दहनाचा प्रघात असल्यामुळें थडग्यावर काय लिहावें याचा विचार आपणांस फारसा करावा लागलेला नाहीं. आपल्याकडे वीरगळ आहेत, साधुसंतांच्या समाध्या आहेत. पण घरोघरच्या मृतांसाठीं कोरलेली शिळा नाहीं. हा विचार ज्यांनीं जवळजवळ दोन हजार वर्षें, बारकाईनें आणि वेळप्रसंगीं परस्परांशीं भांडून केला, ते लोक म्हणजे चिनी. त्यांच्या समाधिलेखांविषयीं पूर्वीं इंग्रजी भाषांतरांतून कुतूहलानें जें वाचलें होतें तें मीं या वेळीं गरजेपोटीं पुनः वाचलें. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडतों.

साध्या चिनी कुटुंबाच्या थडग्यावरची शिळा घेऊं. उभ्या शिळेच्या मध्यभागीं वरून खालीं मोठ्या अक्षरांची एक ओळ असते. एका बाजूस काळाचा उल्लेख, दुसऱ्या बाजूस ती शिळा उभारणाऱ्या मुलानातवांचीं नांवें. माथ्यावर पुष्कळदां कुळाच्या मूळ स्थानाचें नांव असतें. फूजिएन प्रांतांतून तैवानांत किंवा मलायांत जाऊन पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या घराण्यांच्या शिळांवरहि समुद्रापलीकडच्या त्या जुन्या गांवाचें नांव कोरलेलें आढळतें. मधल्या मोठ्या ओळींत पित्यासाठीं ‘खाओ’ आणि मातेसाठीं ‘बी’ हीं अक्षरें येतात. घरांत बापाला वा आईला हांक मारण्याचे हे शब्द नव्हेत. ‘ली ची’ या प्राचीन आचारग्रंथानें असा भेद सांगितलेला आहे कीं, जिवंतपणीं जो पिता तोच मरणानंतर ‘खाओ’ होतो, जी माता ती ‘बी’ होते. या शब्दांमागें ‘श्यन’ म्हणजे ‘तेजस्वी’ अशा अर्थाचें एक उपपद लावतात. पण आपण पत्राच्या मायन्यांत वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहितों त्यांत वडिलांच्या पावित्र्याविषयीं जसें कांहीं सिद्ध करावयाचें नसतें, तसेंच तेंहि आहे. तो पुत्राचा नमस्कार आहे, पित्याचें प्रशस्तिपत्र नव्हे.

पुढें मृताचें नांव येतें, आणि त्याच्या आधीं ‘ह्वेइ’ हें एक अक्षर येतें. त्याचा अर्थ ‘जें उच्चारूं नये तें’. पित्याचें नांव पुत्रानें तोंडानें घेऊं नये असा त्या समाजाचा कडक दंडक होता. ज्या समाजांत नवऱ्याचें नांव उखाण्याशिवाय घेतलें जात नसे त्या समाजांतील वाचकांस या संकोचाची कल्पना सहज येईल. जन्मभर जें नांव उच्चारलें नाहीं तें आतां दगडावर सर्वांदेखत लिहावें लागतें. तेव्हां हें उच्चारावयाचें नांव नव्हे, अशी कबुली देऊनच तें लिहावयाचें. पतिपत्नींपैकीं एकजण मागें उरला असेल तर दोघांचीं नांवें एकदमच कोरून घेण्याचीहि चाल आहे. मात्र जिवंत असलेल्याच्या नांवांत तांबडा रंग भरतात, आणि तोहि गेला म्हणजे तो रंग बदलतात.

या सर्व मजकुरांत मृत मनुष्य कसा होता याविषयीं एक अक्षर नाहीं. तो उदार होता कीं कंजूष, शांत कीं तापट, हें शिळा सांगत नाहीं. ती सांगते तें एवढेंच कीं, येथें जो आहे तो आमचा कोण लागतो, त्याचें मूळ कोठलें, आणि हें लिहिणारे आम्ही कोण. ‘खाओ’ हा शब्द अपत्यांच्या तोंडींच शोभतो. परक्याच्या तोंडीं तो निरर्थक आहे. म्हणजे ओळीचा पहिला शब्दच बोलणारा कोण हें उघड करितो. मला वाटतें, अशा शिळेला खोटें बोलणें जवळजवळ अशक्य आहे. कारण नात्यापलीकडे ती कशाचाच दावा करीत नाहीं. आपल्या श्राद्धांतहि पित्याचें नांव, गोत्र आणि नातें एवढेंच उच्चारलें जातें. तो विद्वान् होता कीं दानशूर होता हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

शब्द इतके ठराविक, तेव्हां निवड करण्यास जागाच कोठें उरली, असें वाटेल. ती उरते, आणि कधीं अगदीं चमत्कारिक ठिकाणीं उरते. फूजिएन आणि तैवान येथील परंपरेंत शिळेवरच्या ओळीचीं अक्षरें मोजतात. मोजतांना ‘जन्म, जरा, व्याधि, मृत्यु, दुःख’ हे पांच शब्द एकामागून एक म्हणत जावयाचें, आणि शेवटचें अक्षर ‘जन्म’ किंवा ‘जरा’ यांवर पडलें पाहिजे. सहा किंवा सात अक्षरें चालतात, अकरा किंवा बारा चालतात. आठ, नऊ, दहा चालत नाहींत. जुळत नसेल तर एखादें अक्षर घालावयाचें किंवा गाळावयाचें. याला भोळी समजूत म्हणून हंसणें सोपें आहे. पण हे पांच शब्द भारतांतून गेलेल्या बुद्धाच्या उपदेशांतले आहेत. ज्या उपदेशांत जन्म हेंहि दुःखच मानलें, त्याचीच मोजपट्टी करून माणसानें ‘जन्म’ हें शुभ आणि ‘व्याधि’ हें अशुभ ठरविलें! तत्त्वज्ञानाचा हा विपर्यास खरा. तरी त्यामुळें एक गोष्ट साधते. प्रत्येक अक्षर मोजून ठेवावें लागलें म्हणजे फुकटचें विशेषण आंत शिरत नाहीं.

दुसरी निवड याहून गंभीर. प्रतिष्ठित माणसाच्या शिळेवर राजवंशाचें नांव आणि त्या राजवटींतील अधिकारपद लिहिण्याची चाल होती. राजवट बदलली नाहीं तोंवर यांत अडचण नाहीं. पण 1644 सालीं मिंग राजवट कोसळून मांचूंची चिंग राजवट आली, तेव्हां ज्यांचें आयुष्य दोहोंत विभागलें गेलें त्यांच्या शिळेवर काय लिहावें? वू मेइ-त्सुन (1609–1672) हा त्या काळचा थोर कवि. मिंग दरबाराच्या सर्वोच्च परीक्षेंत तो दुसरा आला होता आणि त्या दरबारीं त्यानें अधिकारपदें भूषविलीं होतीं. पुढें नव्या राजवटीनें बोलाविलें तेव्हां तो नाखुषीनें कां होईना पेकिंगला गेला, आणि थोडीं वर्षें तेथें नोकरी करून परतला. त्या थोड्या वर्षांची लाज त्याच्या मनांतून अखेरपर्यंत गेली नाहीं. मिंगांचा अधिकारी म्हणावें तर तो चिंगांच्या पदरीं राहिला होता. चिंगांचा अधिकारी म्हणावें तर आपलीच अपकीर्ति आपण कोरून घ्यावी. त्यानें सांगून ठेविलें कीं, आपणांस भिक्षूच्या वेषांत पुरावें, समाधिलेखासाठीं कोणाकडे याचना करूं नये, आणि समोरच्या दगडावर ‘कवि वू मेइ-त्सुन याचें थडगें’ एवढेंच लिहावें. या शब्दांत बढाई नाहीं आणि लपवाछपवीहि नाहीं. जें पद कोणत्याहि राजानें दिलें नव्हतें तेवढेंच त्यानें आपल्याजवळ ठेविलें. बाकीचीं सोडून दिलीं, आणि जाणत्या वाचकाला त्या रिकाम्या जागेंतून सर्व कांहीं वाचूं दिलें.

हें झालें नांवापदांविषयीं. पण चिनी समाधिलेखांचा मोठा प्रकार तो नव्हे. विस्तृत चरित्रपर गद्य आणि शेवटीं कांहीं पद्य असा लेख विद्वानाकडून लिहवून घेऊन तो शिळेवर कोरण्याची चाल उत्तर हान काळांत, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांत, फार वाढली. त्याबरोबरच खोटेपणाहि वाढला. त्साय युंग (133–192) हा त्या काळचा सर्वांत मागणी असलेला समाधिलेखक. त्यानें आपल्या मित्रापाशीं अशी कबुली दिली कीं, मीं पुष्कळ लेख लिहिले, आणि त्या सर्वांची मला थोडीबहुत शरम वाटते. ग्वो ताय याच्या लेखाविषयीं मात्र ती वाटत नाहीं. ग्वो ताय हा 169 सालीं वारलेला एक विद्वान् होता, आणि त्यानें राजपदें नाकारलीं होतीं. जन्मभर लेख लिहून ज्याला एकच शिळा उजळ माथ्यानें दाखवितां येते, त्या लेखकाच्या प्रामाणिकपणाचें कौतुक करावें कीं त्याच्या धंद्याची कींव करावी, हें ठरविणें कठीण आहे.

राज्यकर्त्यांनीं यावर जालीम उपाय केला. 205 सालीं त्साओ त्साओ यानें शिळा उभारण्यास बंदी केली, आणि 278 सालीं चिन सम्राटानें पुनः तशीच आज्ञा काढली. अशा शिळा म्हणजे खाजगी स्तुति, त्या असत्याला खतपाणी घालतात आणि लोकांचा पैसा नासतात, असें तिचें कारण दिलें. मनुष्याची स्तुतीची हौस आज्ञेनें मरत नसते. उघड्यावर उभी करतां येत नाहीं तर शिळा थडग्याच्या पोटांत ठेवावी, असा मार्ग निघाला. दोन चौकोनी दगड, एक लेखाचा आणि एक झांकणाचा, असे तोंडाशीं तोंड लावून पुरण्याची रीति पुढें शतकानुशतकें चालली. डोंगर ढळले, दऱ्या बुजल्या, तरी थडगें कोणाचें तें कळावें, हा तिचा सांगितलेला हेतु. पण जमिनीखालच्या लेखाची नक्कल लेखकाच्या ग्रंथसंग्रहांत वरतीं राहत असे, आणि जग ती वाचीत असे.

थांग काळांतील हान यू (768–824) हा गद्याचा महान् शिल्पकार. आणि समाधिलेखांच्या मोबदल्यांत त्याला मोठमोठ्या रकमा मिळत. त्याच्या घरीं आश्रयास असलेला ल्यू छा नांवाचा एक फटकळ कवि एके दिवशीं त्याचें कांहीं शेर सोनें उचलून चालता झाला. जातांना म्हणाला कीं, हें थडग्यांतल्या माणसांची खुशामत करून मिळविलेलें धन आहे, तें मला दिलेलें काय वाईट! ही गोष्ट चिनी विद्वान् हजार वर्षें हंसत सांगत आले. आपणहि हंसावें, पण थोडें जपून. कारण खुशामत पैशासाठींच होते असें नाहीं. मीं जो शब्द लिहिला त्याचा मोबदला मला कोणी देणार नव्हतें. मोबदला मिळत होता तो निराळ्या नाण्यांत : दुःखी घरांत आपण सर्वांना बरें वाटेल असें कांहीं केलें, हें समाधान.

या साऱ्या प्रश्नाचा तात्त्विक विचार मला जेथें सर्वांत स्पष्ट आढळला तें एक आभाराचें पत्र आहे. सुंग काळांतील ओउयांग श्यू (1007–1072) यानें त्संग गुंग (1019–1083) याच्या आजोबांचा समाधिलेख लिहून दिला, आणि 1047 सालीं त्संग गुंगनें त्याला पत्र लिहिलें. त्याच्या विचाराचा ओघ असा. समाधिलेख हा इतिहासाचा सख्खा भाऊ आहे, पण दोघांत एक भेद आहे. इतिहास बरें आणि वाईट दोन्ही नोंदतो. समाधिलेख फक्त बरें नोंदतो. ज्याच्याजवळ नोंदण्यासारखें कांहींच नाहीं त्याला शिळा मिळूं नये, आणि या न मिळण्याची लाज हीच त्याची शिक्षा. मूळ योजना अशी नेटकी होती. पुढें प्रत्येक मुलाला आपला बाप गौरवावासा वाटूं लागला. दुर्जनांचीहि मुलें लेख मागूं लागलीं. मागणाऱ्या मुलाच्या तोंडावर त्याच्या बापाचे दोष सांगणें माणुसकीला धरून नव्हे, म्हणून लेखक नाहीं म्हणेनात. आणि अखेर समाधिलेखांवर कोणाचा विश्वासच उरला नाहीं. यावर त्याचा उपाय एकच : लेख कोणाविषयीं आहे हें नंतर पाहावें, कोणीं लिहिला हें आधीं पाहावें. ज्याच्या ठिकाणीं सचोटी आहे तोच खऱ्याखोट्याची निवड करूं शकेल. आणि ज्याच्या ठिकाणीं लेखणीचें सामर्थ्य आहे त्याचेंच लिहिणें टिकेल.

हा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो, पण पुरेसा वाटत नाहीं. दोष न सांगणें हें असत्य नव्हे, हें त्यानें बरोबर ओळखलें. शिळेवर मौन पाळण्याची मुभा आहे. उलट बोलण्याची नाहीं. माझ्या स्नेह्यांनीं भावाशीं अबोला धरला हें मीं लिहिलें नसतें तर कोणीहि मला खोटा म्हटलें नसतें. ‘अजातशत्रु’ लिहिल्याबरोबर मी खोटा झालों, आणि नुसता खोटा नव्हे. त्या एका शब्दानें धाकट्या भावाचीं अठरा वर्षें पुसून टाकलीं. त्याचें दुःख, त्याचा राग, कदाचित् त्याची न्याय्य तक्रारहि कधीं नव्हतीच, असें गांवाच्या मधोमध जाहीर केलें. मृताच्या स्तुतीनें मृताचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें जिवंतांचें.

पण मौनहि सर्वच ठिकाणीं विनयाचें असतें असें नाहीं. शीआनजवळच्या छ्यन-लिंग येथें सम्राज्ञी वू त्स-थ्यान हिच्या समाधिस्थानीं एक प्रचंड कोरी शिळा उभी आहे. ही स्त्री चीनच्या इतिहासांत स्वतःच्या नांवानें सम्राट्‌पदावर बसलेली एकमेव स्त्री. 705 सालीं मरतांना आपणांस सम्राट् न म्हणतां राणीच म्हणावें असें तिनें सांगून ठेविलें. ती शिळा कोरी कां, याचे तर्क आजवर चालले आहेत. कोणी म्हणतात गर्व, कोणी म्हणतात पश्चात्ताप, कोणी म्हणतात तिच्या वारसांना काय लिहावें तें कळेना. पुढील काळच्या प्रवाशांनीं मात्र त्या शिळेवर आपापले मजकूर कोरून ठेविले. आपण कांहींच बोललों नाहीं म्हणजे आपल्या वतीनें भलतेच बोलूं लागतात, असाहि अर्थ त्यांतून कोणी काढील.

तेव्हां मौनापलीकडे जाऊन खरें बोलणें शक्य आहे काय? याचें उत्तर ओउयांग श्यूच्याच चरित्रांत आहे. शब्दांच्या काटकसरीबद्दल त्याला पुष्कळ सोसावें लागलें. मित्र यिन शू याचा समाधिलेख त्यानें लिहिला तेव्हां स्तुति फार थोडी झाली अशी कुरकुर झाली. त्यावर त्यानें स्वतंत्र लेख लिहून सांगितलें कीं, यिन शूच्या गद्याविषयीं मीं जे दोनचार शब्द वापरले आहेत ते कन्फ्यूशिअसच्या ग्रंथांपैकीं एखाद्यालाच लागू पडतील, ही स्तुति तुम्हांला थोडी वाटते काय? फान चुंग-येन या थोर मुत्सद्द्याच्या शिळेसाठीं लिहितांना, फान आणि त्याचा जुना वैरी प्रधान ल्यू यांचा अखेरीस समेट झाला असें त्यानें नमूद केलें. फानच्या मुलाला हें मान्य नव्हतें. बापाचें वैर त्याला बापाच्या तत्त्वनिष्ठेचाच भाग वाटत होतें. त्यानें शिळेवर कोरतांना तेवढा मजकूर गाळला. ओउयांग श्यू रुष्ट झाला आणि शिळेवरचा तो लेख आपला नव्हे असें म्हणूं लागला. येथें मुलगा आणि लेखक यांच्यांत खरें कोण, हें मी सांगूं शकत नाहीं. पण स्तुति करणाऱ्या शिळेवरहि समेटाचा उल्लेख राहावा म्हणून एक मनुष्य भांडला, आणि वैर अबाधित दिसावें म्हणून दुसरा, हें माझ्यासारख्यानें विसरूं नये.

स्वतःच्या पित्याच्या शिळेसाठीं मात्र या मनुष्यानें साठ वर्षें वाट पाहिली. पिता ओउयांग ग्वान 1010 सालीं वारला तेव्हां तो चिनी गणनेप्रमाणें चार वर्षांचा होता. शिळा उभारली 1070 सालीं, च्यांगशी प्रांतांतील युंगफंग येथें. वाट पाहण्यांत एक कारण लौकिक होतें. मुलाच्या योग्यतेमुळें दरबार पूर्वजांना मरणोत्तर पदव्या देतो, आणि त्या पदव्यांची यादी लेखाच्या शेवटीं आहे. परंतु त्या लेखाचा प्राण यादींत नाहीं. पित्याची जवळजवळ कांहींच आठवण आपल्यापाशीं नाहीं हें लेखक जाणतो, म्हणून पित्याविषयीं तो स्वतः बोलत नाहीं. आईनें जें सांगितलें तें सांगतो. आईहि सर्व सांगत नाहीं. बाहेर कचेरींत त्यांचें काय चालत असे तें मला ठाऊक नाहीं, घरांत मीं पाहिलें तें एवढें, अशी तिची मर्यादा. एका रात्रीं तो दिवा लावून खटल्याचे कागद वाचीत होता, आणि पुनःपुनः ते खालीं ठेवून सुस्कारा टाकीत होता. तिनें विचारलें तेव्हां म्हणाला कीं, हा देहान्त शिक्षेचा खटला आहे. या माणसाला जगविण्याची कांहीं वाट सांपडते का तें शोधतों आहें, पण सांपडत नाहीं. शोधून सांपडली नाहीं तर मरणाऱ्याला आणि मला दोघांनाहि खंत राहणार नाहीं. पण शोधल्यानें कधीं कधीं ती सांपडते, म्हणून न शोधणें हें पाप. मग दाईच्या कडेवरच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाला कीं, मी फार जगणार नाहीं असें ज्योतिष्यानें सांगितलें आहे. हा मोठा होईल तेव्हां माझें बोलणें याला सांग.

या कथेंत ‘न्यायी’, ‘दयाळु’, ‘थोर’ यांपैकीं एकहि विशेषण लागत नाहीं. दिवा, कागद, सुस्कारा, आणि तें पाहणारी एक बायको. तो मनुष्य कसा होता तें आपण सांगूं शकत नाहीं, एका रात्रीं त्यानें काय केलें तें सांगूं शकतों. आणि तेंहि ज्यानें पाहिलें त्याच्या तोंडून. विधवा होऊन दारिद्र्यांत मुलाला वाढविणाऱ्या या आईनें तीच गोष्ट त्याला सांगून ठेविली होती, आणि तिच्याच आधारावर तो बरा निघेल अशी आशा धरली होती. खऱ्या साक्षींत पुढच्या पिढीला घडविण्याचें सामर्थ्य असतें. पोकळ स्तुतींत तें नसतें, कारण तिच्यांत अनुकरण करण्यासारखें कांहीं हाताला लागत नाहीं.

आणि तरी या उत्तम शिळेवरहि एक जागा रिकामी आहे. जिच्या शब्दावर सर्व लेख उभा आहे त्या बाईचें कुळ चंग एवढें त्यावर आहे, तिच्या बापाचें नांवहि आहे. तिचें स्वतःचें नांव नाहीं. चिनी शिळांवर स्त्री बहुधा माहेरच्या कुळाच्या नांवानेंच येई. मौन पाळण्याची मुभा शिळेला आहे असें मीं वर म्हटलें. तें मौन कोणाच्या वांट्याला येतें, हेंहि पाहिलें पाहिजे.

आपल्यापैकीं एकाची समाधि चीनमध्यें आहे. सोलापुरास 1910 सालीं जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजीं, ऐन बत्तिसाव्या वर्षीं, हपेइ प्रांतांत वारले. आज शचियाच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत त्यांचें थडगें आहे. चीन त्यांना खो दी-ह्वा या नांवानें ओळखतो. त्या पथकांतील पांचहि डॉक्टरांच्या चिनी नांवांच्या अखेरीस ‘ह्वा’ म्हणजे ‘चीन’ हें अक्षर जोडलें गेलें होतें. आणि कोटणिसांचा मुलगा जन्मला तेव्हां त्याचें नांव यिन-ह्वा, म्हणजे ‘भारत-चीन’, असें ठेवलें. बाप गेला तेव्हां तें मूल कांहीं महिन्यांचें होतें. थोर नेत्यांनीं त्यांच्यावर गौरवपर शब्द लिहिले आणि ते यथार्थच आहेत. मला मात्र तें एक अक्षर अधिक बोलकें वाटतें, कारण तें मरणानंतर बहाल केलेलें नाहीं. तें धारण करून तो मनुष्य जिवंतपणीं रुग्णांमध्यें वावरला.

तो कागद मीं फाडला. दुसऱ्या खेपेस वहिनींकडे गेलों तेव्हां लिहिण्याऐवजीं विचारलें, आणि त्यांनीं पाहिलेलें सांगितलें. त्यांतलें एक वाक्य शिळेवर यावें असें आम्हीं ठरविलें : वाचनालयाचें कुलूप ते रोज सकाळीं सहा वाजतां स्वतः उघडीत, आणि पेन्शन झाल्यावरहि उघडीत. त्याच्या वर नांव आणि सनावळी. खालीं, चिनी रीतीप्रमाणें, शिळा बसविणाऱ्यांचीं नांवें. त्यांत वहिनींचें त्यांच्या स्वतःच्या नांवानें पहिलें. त्यानंतर धाकट्या भावाचें नांव घालावें काय, असा प्रश्न निघाला. तें त्यांना न विचारतां घालणें म्हणजे पुनः एक ‘अजातशत्रु’च. म्हणून थोरल्या मुलानें काकांना पत्र लिहिलें. त्याला दोन महिने झाले. उत्तर आलेलें नाहीं, आणि नकारहि आलेला नाहीं. पाथरवटाला आम्हीं थांबावयास सांगितलें आहे.